आधी ब्रेक, मग इंजिन: साडेचार वर्षं उभी असलेली पद्मिनी पार्किंगमध्येच दुरुस्त करताना

१९९० सालची प्रीमिअर पद्मिनी. नंबर एमएच-०४, इंजिन १०८९ सीसी, पेट्रोल. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ठाण्यात बिल्डिंगखाली लावली, ती तिथेच राहिली. आरसी त्याच्या महिनाभर आधी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, म्हणजे पुढची मुदत १४ फेब्रुवारी २०२५. काम जून २०२४ मध्ये हातात घेतलं. गाडी ताडपत्रीखाली झाकून "बघू कधीतरी" म्हणणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. त्यांना अंदाज यावा म्हणून काय केलं, काय चुकलं आणि किती पैसे गेले ते क्रमाने लिहितो आहे.

अशी गाडी दिसली की बॅटरी जोडून सेल्फ मारायची हौस येते. ती आवरा. इंजिन लागलं की गाडी हलवावीशी वाटते आणि हललेली गाडी थांबवायला काहीच नसतं. या गाडीचा ब्रेक पॅडल पहिल्याच दाबाला खाली टेकला होता. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळपट ओघळ, आणि ब्रेक ऑइलच्या डबीत तळाला चहाच्या गाळासारखा थर. गाडी उभी असताना इंजिनपेक्षा ब्रेकचंच नुकसान जास्त होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात, त्यातून खाडी जवळ असेल तर, हवेत पाण्याला तोटा नाही. ते पाणी ऑइलबरोबर ब्रेकच्या सिलिंडरच्या (ज्यातला पिस्टन ऑइलच्या दाबाने सरकून ब्रेक लावतो) तळाशी बसतं, पिस्टनच्या कडेला गंज धरतो, आणि ज्या दिवशी पॅडल दाबाल त्या दिवशी रबर वॉशर त्या गंजावर घासून फाटतो. किलोमीटर किती झाले याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

सुरुवात मात्र पान्याने नाही, अर्जाने झाली. पार्किंगमध्ये गाडी उघडायची तर सोसायटीला लेखी कळवलेलं बरं. कमिटीकडून पत्र यायला १२ दिवस लागले. अटी चार: फरशीवर ऑइल सांडायचं नाही, रात्री आठनंतर ठोकाठोकी नाही, पेट्रोल उघड्या भांड्यात ठेवायचं नाही, जवळ अग्निशामक हवा. दोन किलोचा पावडरवाला सिलिंडर घेतला. खाली जुन्या फ्लेक्सचा बॅनर अंथरला, त्यावर पुठ्ठे आणि लाकडाचा भुसा. भुसा ऑइल पितो आणि झाडून उचलता येतो.

९ जूनच्या रविवारी गाडी चार घोड्यांवर (गाडी उचलून टेकवायच्या लोखंडी टेकूंवर) चढवली. जॅकवर ठेवून गाडीखाली कधीही जाऊ नका, जॅक फक्त उचलण्यापुरता. विटा तर नकोच, त्या वजनाखाली पूर्वसूचना न देता फुटतात. घोडी प्रत्येकी दोन टनांची, चारांचे ३,४०० रुपये.

चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे ड्रम निघता निघेनात. शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे चाप, ड्रमला चिकटलेले होते. अशा वेळी आधी हँडब्रेक पूर्ण सैल करायचा आणि बॅकप्लेटच्या मागचे कॅम अ‍ॅडजस्टर उलटे फिरवून शू आत घ्यायचे. मग ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून, फिरवत फिरवत हातोडीचे हलके घाव. थेट ओतीव लोखंडावर हातोडी मारली तर कड उडते. मागचा डावा ड्रम निघायला पूर्ण दुपार गेली. आतली धूळ फुंकू नका, ब्रशने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. स्प्रे बाटलीने पाणी मारून ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

चारही चाकांचे सिलिंडर आणि त्यांना पॅडलकडून दाब पुरवणारा मास्टर सिलिंडर बाहेर आले तेव्हा हिशेब लागला. मागचे दोन्ही गळत होते. पुढच्यांतला एक कोरडा दिसत होता, पण रबराची टोपी उलटली तर आत गंजाचा चिखल. इथे मेकॅनिक हमखास सांगतो की जो गळतो तेवढाच बदला. ऐकू नका. नवा वॉशर बसला की सगळ्या लाइनमध्ये पूर्ण दाब येतो आणि जो जोड आजवर कमी दाबामुळे तग धरून होता तो पुढच्या महिन्यात जातो. या गाडीचा मास्टर सिलिंडर एकेरी आहे, म्हणजे चारही चाकांचं ऑइल एकाच वाटेने जातं आणि कुठेही फुटलं की सगळे ब्रेक एकदम संपतात. तुमच्या गाडीत दुहेरी असेल तर किट वेगळं लागेल, दुकानात जाण्याआधी बघून घ्या. रबराचं सगळं एकदम बदलायचं: पाचही सिलिंडरांची किट, पुढचे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचा एक असे तीन होज पाइप.

सिलिंडर साफ करताना पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही वापरायचं नाही. खनिज तेलाचा अंश राहिला की ब्रेकचं रबर फुगतं आणि पिस्टन परत मागे येत नाही. मिथिलेटेड स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. आतली भिंत बारीक होनने (भिंत घासायच्या हत्याराने), ब्रेक ऑइल लावून, दहा-बारा फेऱ्या फिरवली. मग नख फिरवून बघायचं. डाग दिसला तरी चालतो, पण नख अडकलं तर तो खड्डा आहे आणि नवा वॉशर त्यावर टिकणार नाही. मागच्या दोघांत नख अडकलं. होन आणखी फिरवून खड्डा घालवायचा प्रयत्न करू नका, बोअर (आतला व्यास) मोठा होतो आणि दाब आला की वॉशरची कड पिस्टन आणि भिंतीच्या फटीत ओढली जाऊन चावली जाते.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर सिलिंडरला स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मिळते. दोन सिलिंडरांचे १,८०० रुपये. वाट मात्र १९ दिवस बघावी लागली, कारण एवढ्या लहान कामाला मोठ्या ऑर्डरींच्या मधली फट मिळावी लागते. ड्रमही तिथेच नेले होते. टर्नरने व्हर्नियर लावला आणि म्हणाला, "साहेब, हे दोन आधीच उतरवलेले आहेत. अजून उतरवले तर पातळ होतील, ब्रेक मारल्यावर तापून वाकतील." ढोबळ नियम असा की मूळ व्यासापेक्षा दीड मिलिमीटरच्या वर ड्रम नेऊ नये. पुढचे दोन त्या हद्दीच्या आत होते, ते ०.४ मिलिमीटर उतरवले. मागचे दोन कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून शोधून आणले, जोडीचे २,२००. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, २००१ पर्यंत. त्यामुळे तिचे सुटे भाग अजूनही कुर्ला आणि ऑपेरा हाऊस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सापडतात. शू जुनेच ठेवून त्यावर नवे लायनर रिव्हेट करून घेतले.

रबर किट घेताना एक फेरी फुकट गेली. पुडीवर गाडीचं नाव छापलेलं होतं तरी वॉशर सैल बसले. बोअर व्हर्नियरने मोजून लिहून न्या. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. त्याच्या शेजारी २० मिलिमीटरचा वॉशर ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही, ऑइलला कळतो. पुडीवरचं वर्षही बघा. आठ-दहा वर्षं दुकानात पडलेलं रबर वापरण्याआधीच म्हातारं झालेलं असतं.

जुलै सगळा पाइपात गेला. पुढून मागे जाणारा धातूचा पाइप वरून ठीक दिसत होता. क्लिपा सोडल्या तर प्रत्येक क्लिपेखाली गंज, एका जागी नखाने पापुद्रा निघाला. ३/१६ इंची नवा पाइप मीटरवर घेतला. पाइपाचं तोंड फुलवायला डबल फ्लेअरचा सेट लागतो, साधं एकेरी फुलवलेलं तोंड ब्रेकच्या दाबाला चिरतं. आधी फालतू तुकड्यावर पाच-सहा तोंडं फुलवून हात बसवा. आणि दरवेळी होणारी चूक: नट पाइपावर घालायला विसरून तोंड फुलवणं. तीनदा झाली.

नटांचं एक सांगतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. या गाडीचे नट एम १० चे, एक मिलिमीटर पिचचे निघाले. दुकानात मिळाले ते ३/८ इंची, इंचाला २४ आटे. दोन्ही जवळजवळ सारखे: एकाचा व्यास १० मिलिमीटर, दुसऱ्याचा साडेनऊच्या किंचित वर. इंची नट मेट्रिक भोकात दोन-तीन आटे जातो आणि मग जड लागतो. माणसाला वाटतं गंज असेल आणि तो पान्याला जोर देतो. तिथे सिलिंडरचे आटे गेले. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, पाना फक्त आवळायला. आणि साधा ओपन पाना नको, फ्लेअर नटचा पाना आणा, नाहीतर नटाचे कोपरे गोल होतात.

जोडणी ४ आणि ११ ऑगस्टला झाली. वॉशर ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवायचे, ओठ दाबाच्या बाजूला. ग्रीस लावायचं तर लाल रबर ग्रीस, साधं पिवळं ग्रीस अजिबात नाही. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, दोन्ही एकाच जातीची. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू कमीत कमी २०५ अंश आणि पाणी ओढल्यावर १४० धरतात, डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. अर्ध्या लिटरचे चार डबे आणले आणि लागेल तसा एकेकच उघडला. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा दुसऱ्या रविवारी वापरायचा नाही. रंगावर सांडलं तर तासाभरात रंग सोलतं, त्यामुळे शेजारी पाण्याची बाटली हवीच.

पाइपांत अडकलेली हवा काढायच्या आधी चारही चाकांचे शू अ‍ॅडजस्ट करून घ्या. शू ड्रमपासून लांब असतील तर पॅडल खाली जातो, आणि आपण दिवसभर हवा शोधत बसतो. अ‍ॅडजस्टर फिरवून चाक पूर्ण अडेपर्यंत न्यायचं, मग हलकंसं घासेल एवढं परत आणायचं. नंतर सर्वांत लांबचं चाक पहिलं: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकामागच्या, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. आत बसलेल्याने पॅडल सावकाश दाबायचा आणि दाबूनच धरायचा, खालच्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, मग आतल्याने सोडायचा. "दाबला", "सोड" एवढे दोनच शब्द ठरवा, तिसरा बोलू नका. दर पाच-सहा दाबांनंतर डबीत ऑइल घाला. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

तरीही पॅडल स्पंजसारखा. तीन फेऱ्या झाल्या, बुडबुडे थांबले, पॅडल तसाच. कारण दुसऱ्या दिवशी दिसलं: मागचा पाइप बसवताना अ‍ॅक्सलजवळ त्याला वर कमान आली होती आणि हवा त्या कमानीत अडकून बसली होती. पाइप उतरता वाकवला, मागून गाडी अर्धा फूट उंच केली आणि दोन फेऱ्यांत पॅडल अर्ध्यावर टणक झाला.

आणि मग उलटाच प्रकार. दहा-बारा वेळा पॅडल दाबला की चारही चाकं जड. हे शोधायची रीत नीट लक्षात ठेवा, कारण अंदाजाने पार्ट बदलत राहिलात तर पैसे जातात. अडलेल्या चाकाचा निपल जरासा उघडा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर आत दाब कोंडलेला आहे. नाही झालं तर दोष यांत्रिक, म्हणजे शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेकची केबल. दाब कोंडलेला असेल तर पुन्हा पॅडल मारून चाक अडू द्या आणि आता मास्टर सिलिंडरवरचा पाइपाचा नट सैल करा. तिथे मोकळं झालं तर गडबड मास्टर सिलिंडरमध्ये. तिथे सोडूनही एखादंच चाक अडलेलं राहिलं तर त्याचा होज आतून सुजलेला आहे: पायाच्या जोराने ऑइल जाऊ देतो, पण स्प्रिंगच्या जोराने परत येऊ देत नाही. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये मास्टर सिलिंडरातला व्हॉल्व्ह थोडा दाब मुद्दाम राखतो, तेवढा चालतो. त्याने चाक अडत नाही.

इथे नट सैल करताच चारही चाकं सुटली. मास्टर सिलिंडरात पिस्टनच्या पुढे एक बारीक भोक असतं. पॅडल सोडल्यावर जास्तीचं ऑइल तिथून डबीत परत जातं. पुशरॉड (पॅडलचा जोर पिस्टनला देणारा दांडा) थोडा लांब सेट झाल्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता आणि ते भोक झाकलेलं राहत होतं. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात एक मिलिमीटरची मोकळीक ठेवली. पॅडलवर बोटाने ती पाच-सहा मिलिमीटर जाणवते. हा बिघाड उभ्या गाडीत पटकन कळत नाही. रस्त्यावर मात्र ऑइल तापून फुगतं आणि तीन-चार किलोमीटरवर ब्रेक आपोआप लागत जातो. पुढचा अर्धा तास पॅडल पायाने गच्च दाबून धरला आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघितला. एका होजच्या जोडाशी टिश्यू ओला झाला. तांब्याचा वॉशर जुनाच राहिला होता. जुना वॉशर लालभडक तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो, पण नवा दहा रुपयांना मिळतो, एवढी काटकसर करू नये.

गणपतीत काम बंद. इंजिनाला हात लागला तो २२ सप्टेंबरला.

प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल टाकून आठवडाभर तसंच ठेवलं. मग मागची चाकं उचललेली असतानाच टॉप गिअर टाकून दोन्ही चाकं एका दिशेने हाताने फिरवली. इंजिन जड, पण फिरलं. अडलं असतं तर सेल्फने जोर करायचा नव्हता, अडकलेल्या रिंगा अशाच तुटतात. टाकीतून नऊ लिटर पेट्रोल निघालं, वास पेट्रोलचा नाही, वार्निशचा. टाकी उतरवून, मूठभर नट-बोल्ट टाकून, हलवून धुतली. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी घेताना इथेनॉलला चालणारी मागा. कार्बोरेटरचे जेट तारेने टोचू नका, हवेने साफ करा.

रेडिएटर बाहेर रॉडिंगला (आतल्या नळ्या सळीने साफ करायला) दिला, १,२०० रुपये. थर्मोस्टॅटची (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हची) जागा उघडली तर तो नव्हताच, जुन्या गाड्यांत कोणीतरी कधीतरी तो काढून टाकलेला असतो. त्याने गाडी थंड राहते हा गैरसमज. इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि धुरात दोष येतो. नवा बसवला. पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. आपल्याकडे बर्फ नाही, पण गंज आहे. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, नवा फिल्टर. डिफरन्शियलमध्ये (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीत) ईपी ९० ऑइल. आधी भरायचं बूच सैल होतं का बघा, मगच खालचं उघडा. उलटं केलंत आणि वरचं बूच अडलं तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलनिशी अडकून बसते.

प्लग बाहेर ठेवून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला. दहा सेकंद मारायचा, मिनिटभर थांबायचं. कॉम्प्रेशन ११८, १२०, ९२, १२१ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकल्यावर ११० आलं, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, रिंगा चिकटलेल्या. हेड उघडायचं टाळलं. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून फट ०.४ मिलिमीटर, नवा कंडेन्सर, नवे प्लग, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. १० नोव्हेंबरला इंजिन लागलं. दहा मिनिटं निळा धूर, मग कमी. दोनेकशे किलोमीटर चालल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा आकडा १०८ झाला.

आता कागद. इन्शुरन्स २०२१ मध्येच संपलेला. त्याच्याशिवाय रस्त्यावर ट्रायल घेता येत नाही, आणि पीयूसीसाठी गाडी केंद्रापर्यंत न्यावी लागते. त्यामुळे आधी इन्शुरन्स. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता तेव्हा ३,४१६, जीएसटी धरून ४,०३१ रुपये. पीयूसीला गाडी टो करून नेली, ९०० रुपये. पहिल्या वेळी कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आला. या वयाच्या गाडीला हद्द ३ टक्के. मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतल्यावर २.४. गाडी पूर्ण तापल्यावरच तपासून घ्या, थंड इंजिन हमखास नापास होतं.

व्हिंटेज नोंदणीबद्दल बरेच जण विचारतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांत ती ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे. १९९० च्या पद्मिनीला नेहमीचंच नूतनीकरण, फॉर्म २५. अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, त्याआधी नाही. १८ डिसेंबरला ऑनलाइन भरला. शुल्क तेव्हा, २०२४ मध्ये, ५,००० रुपये होतं (एप्रिल २०२२ पासूनचं, त्याआधी ६०० होतं), पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे, म्हणून उशीर नको. तपासणीची तारीख मिळाली ७ जानेवारी. चेसिस नंबरवर रंगाचे थर होते, तो वाचता येईना. गाडी परत. थिनरने रंग काढला, पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन बघितला आणि पुन्हा तारीख घेतली, ३ फेब्रुवारी. नंबर घरीच वाचून घेतला असता तर चार आठवडे वाचले असते. तपासणीत दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक बघितले. वायपरचं रबर आदल्या दिवशी बदललं होतं, ते बरं झालं. आरसी पोस्टाने मार्चमध्ये आली.

ब्रेकला एकूण १५,६०० रुपये, इंजिन आणि कूलिंगला १४,२००, टायर चार नवे १६,०००, कागदपत्रं वेगळी. हत्यारं यात धरलेली नाहीत, ती घरात राहतात. मागच्या उजव्या चाकाचा हँडब्रेक अजून एक दात उशिरा पकडतो. केबल आतून गंजलेली आहे, नवी मागवली आहे. तोवर चढावर गाडी लावायची वेळ आली तर चाकाखाली दगड.